पुसली गेलेली फीत

लंडनला जाणाऱ्या आपल्या माणसाची फेरी बहुधा ठरलेली असते. टॉवर, ब्रिटिश म्युझियम, किंग हेन्रीज रोडवरील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वास्तव्याचे घर, आणि एखाद्या रविवारी डॉलिस हिल येथील महाराष्ट्र मंडळ. १९३२ साली स्थापन झालेल्या या मंडळाच्या वास्तूत मराठी बोल कानी पडले, की परदेशाचे परकेपण थोडे ओसरते. बडोद्याहून निघताना आम्ही उभयतांनी हीच यादी केली होती. तीत भर घातली ती वेम्बलीला राहणाऱ्या आमच्या भाच्याच्या मुलाने. "आजोबा, तुमच्या मंडळापासून तिसऱ्या स्टेशनावर माझेही एक तीर्थक्षेत्र आहे," तो म्हणाला. नातवाने बोट धरून न्यावे आणि आजी-आजोबांनी मागे चालावे, हा प्रवासातला एक निराळाच आनंद असतो. आम्ही निघालो.

ज्युबिली मार्गावर डॉलिस हिलनंतर नीसडन, मग वेम्बली पार्क आणि मग किंग्जबरी. बडोदेकराला या वस्तीत वाट विचारण्यासाठी इंग्रजीची फारशी गरज पडत नाही. फरसाणाची दुकाने आहेत, गुजराती बोलणे आहे, २०१४ साली उघडलेले स्वामिनारायण मंदिरही आहे. परंतु आमच्या वाटाड्याचे दैवत वेगळे होते. सत्तरीच्या दशकात येथील ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ नावाच्या मद्यगृहाला लागून एक दिवाणखाना होता. तेथे नील के नावाचा तबकड्या वाजविणारा गृहस्थ प्रचंड ध्वनिवर्धकांवरून केवळ ‘हेवी मेटल’ संगीत ऐकवीत असे. या जागेला ‘साउंडहाउस’ म्हणत. समोरची पोरे फळीच्या कापलेल्या खोट्या गिटारी गळ्यात अडकवून वाजविण्याचा अभिनय करीत आणि आवडीच्या गाण्यांच्या चिठ्ठ्या देत. त्या चिठ्ठ्यांवरून गाण्यांची क्रमवारी ठरे व ती ‘साउंड्स’ या संगीत साप्ताहिकात छापून येई.

१९७९ च्या आरंभी याच नील के यांच्या हाती एका तरुणाने एक कॅसेट ठेवली. तरुणाचे नाव स्टीव्ह हॅरिस, आणि त्याच्या वाद्यवृंदाचे नाव ‘आयर्न मेडन’. कॅसेटवर चार गाणी होती. कंपनीचा करार नव्हता की तबकडीही निघालेली नव्हती. तरीही त्या कॅसेटवरील ‘प्राउलर’ हे गाणे एप्रिल महिन्यात साउंडहाउसच्या क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. ज्याची तबकडीच बाजारात नाही असे गाणे पहिले यावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

ही मंडळी कोठली, ते पाहावयाचे तर लंडनच्या दुसऱ्या टोकाला जावे लागते. हॅरिसचा जन्म १९५६ साली लेटनस्टोनचा. हा पूर्व लंडनचा कष्टकरी भाग. पोरवयात त्याने वेस्ट हॅम या फुटबॉल संघाच्या सरावाला हजेरी लावली होती. पुढे त्याने नकाशे आखण्याचे काम केले. १९७५ च्या नाताळच्या दिवशी त्याने आपला वाद्यवृंद स्थापन केला. स्ट्रॅटफर्डजवळ मेरिलंड येथे ‘कार्ट अँड हॉर्सेस’ हे मद्यगृह आहे. १९७६ पासून या वाद्यवृंदाचे प्रारंभीचे कार्यक्रम तेथे होत. आपण ‘आयर्न मेडन’चे जन्मस्थान आहोत, असा अभिमान ते आज मिरवते. नातू म्हणाला, "जपान, ब्राझीलहून लोक केवळ ही जागा पाहायला येतात." आम्ही भिंतीवरची चित्रे पाहिली आणि सरबत मागवून बसलो. जागा बेताचीच. आपल्याकडच्या एखाद्या वाड्यातील गणेशोत्सवाच्या मांडवाएवढी म्हणा ना! मोठ्या गोष्टींचे आरंभ अशा लहान जागांतच होत असावेत.

तिसऱ्या दिवशी आम्ही केंब्रिजला गेलो. केंब्रिज म्हटले, की मराठी मनाला १८९९ साली सीनियर रँग्लर झालेले रघुनाथराव परांजपे आठवणारच. सेंट जॉन्स कॉलेजाचे दार पाहून आम्ही त्यांना मनोमन नमस्कार केला. तेथून चालत ‘ख्राइस्ट्स पीसेस’ या हिरवळीपाशी आलो. तिच्या कडेने व्हिक्टोरिया स्ट्रीट नावाची घरांची शांत गल्ली आत जाते. या गल्लीत एके काळी ‘स्पेसवर्ड’ हा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ होता. आता तो नाही. पाहण्यासारखे तेथे काहीच नाही, आणि तरीही या सगळ्या भटकंतीत मनात राहिली ती हीच गल्ली.

१९७८ च्या डिसेंबरची अखेर. इंग्लंडात हिमवर्षाव, संप आणि महागाई यांचा तो कुप्रसिद्ध हिवाळा. वर्ष सरत असताना ही पोरे आपली वाद्ये घेऊन येथे आली आणि चार गाणी मुद्रित करून गेली. पदरी पैसे इतके बेताचे, की मूळ फीत विकत घेणे त्यांना परवडले नाही. कॅसेटवर उतरविलेली प्रत घेऊन ते परतले. दोन आठवड्यांनी पैसे जमवून पुन्हा आले, तेव्हा मूळ फीत पुसली गेलेली होती.

यात कोणाचा दुष्टावा नव्हता. फितीचे रीळ महाग असे. ज्याचे पैसे भरलेले नाहीत ते पुसून दुसऱ्या गिऱ्हाइकाला वापरावयाचे, ही धंद्याची रीत होती. फितीवरचा आवाज म्हणजे तरी काय? चुंबकीय कणांची एक विशिष्ट मांडणी. नवा आवाज भरताना यंत्र आधी ती जुनी मांडणी मोडते, आणि मोडल्याची कोणतीही खूण मागे राहत नाही. कागदावरची अक्षरे खोडली तरी खाडाखोड दिसते. फीत मात्र जणू काही घडलेच नाही अशी कोरी होते.

उरली ती हाती आलेली प्रत. तीच नील के यांच्याकडे गेली, आणि तिच्यातील तीन गाण्यांची तबकडी ९ नोव्हेंबर १९७९ रोजी या मंडळींनी स्वतःच काढली. नाव ठेवले ‘द साउंडहाउस टेप्स’. प्रती पाच हजार, त्याही टपालाने. पहिल्याच आठवड्यात तीन हजार संपल्या. ‘स्ट्रेंज वर्ल्ड’ हे चौथे गाणे मनासारखे उतरले नाही म्हणून त्यांनी वगळले. ते मुद्रण १९९६ साली एका निवडक संग्रहात आले. १९७९ च्या डिसेंबरात मोठ्या कंपनीशी करार झाला, १९८० च्या एप्रिलमध्ये पहिला संग्रह निघाला आणि तो ब्रिटनच्या यादीत चौथा आला. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १ फेब्रुवारी २००८ रोजी याच वाद्यवृंदाने आपला जगाचा दौरा सुरू केला तो आपल्या मुंबईतून. मूळच्या त्या पाच हजार तबकड्या आज इतक्या दुर्मिळ आहेत, की त्यांच्या बनावट प्रतीही निघाल्या.

परतीच्या गाडीत नातवाने ती गाणी आमच्या कानाला लावली. आमचे कान भीमसेन आणि माणिक वर्मा यांच्यावर वाढलेले. पहिल्या ऐकण्यात गोंगाटच भासला. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र घोड्याच्या टापांसारखी धावणारी लय पकडीत आली, आणि तिच्यावर स्वार झालेला एक खरखरीत, निर्भय आवाज ऐकू आला. तो पॉल डीॲनोचा. मुद्रणाच्या वेळी तो वीस वर्षांचा होता. पुढे १९८१ साली तो वाद्यवृंदातून बाहेर पडला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये वारला. खिडकीबाहेर शेते मागे पळत होती आणि त्या गृहस्थाचे विसावे वर्ष आमच्या कानात जसेच्या तसे होते. सौभाग्यवती म्हणाल्या, "गाणे मला कळले नाही, पण पोरगा जीव तोडून गातो आहे एवढे कळले."

नातवाचे म्हणणे असे, की नंतरची मुद्रणे कितीतरी सफाईदार आहेत. तरी हेच अधिक आवडते. आम्हांला त्यात नवल वाटले नाही. कीर्तीच्या शिखरावरील गायकाची तबकडी बाजारात सर्वांनाच मिळते. तो कोणीच नव्हता तेव्हाचा त्याचा आवाज मात्र कोणी तरी जपावा लागतो, आणि जपणाऱ्याला त्या वेळी त्याची किंमत ठाऊक नसते.

वाचकहो, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव येथील आपल्या घरांत अशा कॅसेटी काही थोड्या नाहीत. कोणाकडे दिवाणखान्यातल्या बैठकीतले गाणे आहे, कोणाकडे आजोबांचे कीर्तन, कोणाकडे जात्याविना म्हटलेल्या आजीच्या ओव्या. कित्येक घरांत त्यांवर चित्रपटगीते चढली, कित्येक पावसाळ्यातल्या बुरशीने गेल्या. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन चिमुकले तुकडे असतात. ते मोडून टाकले, की यंत्राचे मुद्रणाचे बटण दाबले जात नाही आणि जुना आवाज चुकून पुसला जात नाही. हे काम नखाने होते. मग वेष्टनावर गाणाऱ्याचे नाव, गाव आणि साल लिहावे, नातवंडांकडून तिची नवी प्रत उतरवून घ्यावी आणि ती एकाहून अधिक घरांत ठेवावी. व्हिक्टोरिया स्ट्रीटवरची मूळ फीत गेली. गाणी वाचली, ती प्रत दुसऱ्याच्या हाती दिली होती म्हणून.