बाभळीचं बेळकं, जालन्याची सळई

वाम आणि शिंगाळा हे तळाशी फिरणारे मासे. दिवस बुडाल्याशिवाय सहसा गळाला तोंड लावत नाहीत. तोवर काठी हातात धरून कोण बसणार? म्हणून काठीला टेकण लागतं. आमच्या अंबड-घनसावंगीच्या गोदाकाठी त्याला कुणी पैसे मोजले नव्हते. नदीकडं जाताना बांधावरच्या बाभळींवरून नजर फिरवली की झालं.

बेळकं, म्हणजे दुफाटी फांदी, निवडण्यात मात्र कसब होतं. फाटा फार फाकलेला असला तर वाऱ्यानं काठी घसरते. फार अरुंद असला तर मासा ओढतो तेव्हा ती अडकून बसते. निरगुडी सरळ मिळते, पण तिच्यात जीव नाही. बाभळीचं लाकूड चिवट, पाण्याला दाद न देणारं. काटे तासायचे, साल सोलायची, सावलीत वाळू द्यायचं. उन्हात ठेवलं की तडकलंच. टोक कुऱ्हाडीनं निमुळतं करून जाळावर जरासं शेकलं की कडक व्हायचं. पुढचं बेळकं गुडघ्याएवढं, मागचं वीतभर. दोराला पोळ्यानंतर उरलेलं बैलाचं एखादं सुटं घुंगरू. ते वाजलं की गप्पा बंद.

आता तेव्हाची पोरं बापे झाली आणि गळ टाकायला जोगलादेवी-राजाटाकळीच्या बंधाऱ्यांवर किंवा सोमठाण्याजवळ अप्पर दुधनेवर जातात. हाती कार्बनची काठी, चकरी, तंगूस. घुंगराच्या जागी बॅटरीवर पिपाणी वाजवणारा डबा. टेकणं ऑनलाइन मिळतात, अॅल्युमिनियमची, उंची कमीजास्त होणारी. पण धरणाच्या दगडी पिचिंगवर ती डुगडुगतात. मग वेल्डिंगच्या दुकानात जायचं. जालना म्हणजे सळईचं गाव. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमधून निघालेली 10 मिलीमीटरची सळई, तिचा हातभर तुकडा भंगारातही सापडतो. वरचं टोक वाकवून घ्यायचं, खालचं घासून टोकदार करायचं. कार्बनच्या काठीवर ओरखडे नकोत म्हणून वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची. दगडांच्या फटीत हातोडीचे चार ठोके, आणि रात्रभर हलत नाही.

म्हणजे हातानं बनवायची खोड गेलेली नाही, फक्त लाकडाचं लोखंड झालं. कारण काठच बदलला. 1976 साली जायकवाडी पुरं झालं आणि नदीचं वाहतं पाणी वरच अडलं. खाली उरलेली वाळू ट्रॅक्टर आणि हायवांनी नेली. जिथं बेळकं एका दाबात रुतायचं तिथं आता मुरूम आणि खडक लागतो. सळईचं टेकण जुन्यापेक्षा टिकाऊ आहे, हे मान्यच करायला हवं. बाभळीसाठी गळा काढण्यात अर्थ नाही. हळहळायचंच तर वाळूसाठी हळहळावं. ती जागेवर असती तर लोखंड वाकवायची गरज कुणाला पडली असती?