टोचलेली जागा

गाडीचा बिघाड गाडीच्या कॉम्प्युटरला कळतो आणि मेकॅनिकने तो सांगेल तो भाग बदलायचा, असं मी फेब्रुवारी २०२५ पर्यंत मानत होतो. मनात ठेवलं नव्हतं, उघड बोलत होतो. गिऱ्हाइकांना सांगितलं, नव्याने कामाला लागलेल्या पोरांना शिकवलं, आणि ज्यांच्या दुकानात मी पहिला पाना धरला त्या मामांना तर तोंडावर ऐकवलं. माझं चुकत होतं. त्या समजुतीपायी एका माणसाचे पैसे गेले आणि दुसऱ्या एकाची गाडी मी माझ्या हाताने बिघडवली.

मामा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगची कामं करतात. चारी बाजूंनी लेथचा आवाज, आणि मधे त्यांचं दहा बाय बाराचं दुकान. शाळेच्या सुट्टीत मी तिथे टॉर्च धरायला असायचो. त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे घरी केलेला टेस्ट लॅम्प. बारा व्होल्टचा बल्ब, एका वायरीला चिमटा, दुसरीला दाभण. गाडी आली की ते आधी बॅटरीची अर्थ बघायचे. मग इंजिन चालू ठेवून वायरिंगचा जुडगा हाताने हलवत पुढे सरकायचे आणि इंजिन अडखळेल तिथे थांबायचे. करंट आहे का बघायला वायरीत दाभण टोचायचे, आणि काम झालं की टोचलेल्या जागेवर नेलपॉलिशचा एक थेंब सोडायचे. ती लाल बाटली कायम टूलबॉक्समध्ये असायची. मला त्या बाटलीची लाज वाटायची. गिऱ्हाइकं काही म्हणत नसत, पण माझ्या मनात ठसलं होतं की हे मागासलेलं काम आहे, यातून बाहेर पडायचं.

डिप्लोमा करून मी पुण्यात एका मोठ्या वर्कशॉपला लागलो. हातात स्कॅनर आला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला जोडला की पडद्यावर कोड उमटायचा, कोडपुढे सेन्सरचं नाव. मी तो भाग मागवायचो, बसवायचो, कोड पुसायचो. बऱ्याचदा गाडी बरी व्हायची, म्हणून आपली पद्धत बरोबर आहे असं वाटत राहिलं.

२०१८ मध्ये कागलची एक टुरिस्ट गाडी आली. डिझेल इंजिन, चढावर एकदम ताकद सोडायची. स्कॅनरने एकाच वेळी तीन सेन्सर दाखवले: एक्सलरेटरचा, टर्बोच्या हवेच्या दाबाचा आणि एसीच्या गॅसच्या दाबाचा. मी एक्सलरेटरचा बदलला, मग टर्बोचा बदलला. तरी तेच. तेव्हा मी ठामपणे सांगितलं की कॉम्प्युटर गेलाय. मालकाने २८,००० रुपये भरले. नवा कॉम्प्युटर बसवला, गाडी पंधरा दिवस चालली आणि पुन्हा तशीच अडली. या वेळी मालक पुण्याला आला नाही, उद्यमनगरात मामांकडे गेला. मामांनी अर्ध्या तासात दाखवलं की एसीच्या सेन्सरकडे जाणारी वायर एका पट्टीला घासून उघडी पडली होती आणि खड्ड्यात गाडी आदळली की बॉडीला टेकत होती.

आज मी हे कागदावर काढून दाखवू शकतो. त्या गाडीत कॉम्प्युटर तिन्ही सेन्सरना एकाच वाटेने पाच व्होल्ट पुरवतो. त्यातली एक वायर बॉडीला टेकली की पाचाचे शून्य होतात आणि तिन्ही सेन्सर एकदम मेलेले दिसतात. घरातली तीन माणसं एकाच दिवशी आजारी पडली तर आपण आधी पाण्याच्या टाकीत डोकावतो. मी तिघांना वेगवेगळी औषधं देत बसलो. कॉम्प्युटर बदलताना जुडगा जरा सरकला, म्हणून पंधरा दिवस बरे गेले, एवढंच.

मामांनी फोन केला होता. "लेका, वायर घासली हुती, सेन्सर समदे चांगले हुते," एवढंच म्हणाले. मी म्हणालो, "मामा, तुमचा तुक्का लागला." ते काही बोलले नाहीत. त्या शांततेचा मी तेव्हा वेगळाच अर्थ लावला.

जपानने एप्रिल २०१९ मध्ये परदेशी कुशल कामगारांसाठी नवा व्हिसा सुरू केला. त्यात गाडीदुरुस्तीचा समावेश आहे. त्या वाटेने मी २०२२ ला निइगाता प्रांतातल्या नागाओका शहराजवळ एका छोट्या वर्कशॉपमध्ये आलो. मनात चित्र असं होतं की हा सेन्सरांचाच देश. आइची प्रांतातल्या कारिया गावात १९४९ पासून डेन्सो उभी आहे, तिचे सेन्सर जगभरच्या गाड्यांत बसतात. १९७८ ला इथे गाड्यांच्या धुराचे नियम इतके कडक झाले की इंजिनावर इलेक्ट्रॉनिक्सने नजर ठेवणं भागच पडलं. अशा ठिकाणी वायरी हाताने हलवणारं कुणी नसेल, असं मी धरून चाललो होतो.

पहिल्याच आठवड्यात वेगळं काही कानावर पडलं. भाषा मला तुटकी येत होती, पण इंजिनाजवळ उभा राहिलो की शब्द ओळखीचे लागायचे. कपलरला इथले मेकॅनिक 'कापुरा' म्हणतात. अर्थला 'आसु', टेस्टरला 'तेसुता', शॉर्टला 'शोतो'. इंग्रजीतून उद्यमनगरात जे शब्द आले, तेच इकडेही आले आणि दोन्हीकडे कामगारांच्या तोंडात बसले. आमचे कोजोचो, म्हणजे वर्कशॉपचे प्रमुख, साठीच्या आसपासचे. ते बॉनेट उघडून पहिल्यांदा म्हणायचे, "आसु." मामांचं पहिलं वाक्यही तेच असायचं. हे मला ऐकू येत होतं, पण मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

उलट माझं मत आणखी पक्कं व्हायला एक कारण मिळालं. इथे खासगी गाडीला नवी असताना तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी शाकेन नावाची सरकारी तपासणी करावी लागते. ऑक्टोबर २०२४ पासून नव्या मॉडेलच्या जपानी गाड्यांच्या शाकेनमध्ये कॉम्प्युटरमधले कोडही वाचले जाऊ लागले. ठरावीक कोड सापडला तर गाडी नापास. सरकारसुद्धा कॉम्प्युटरलाच विचारतंय, असं मी मनात म्हणालो.

नागाओकाचा हिवाळा सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं. इथे बर्फ कमरेपर्यंत चढतं. शहरातल्या रस्त्यांच्या मधोमध पाइप पुरलेले आहेत. त्यांतून जमिनीखालचं पाणी कारंज्यासारखं उडत राहतं आणि बर्फ वितळतं. त्या पाण्यात लोह असल्यामुळे रस्ते तांबूस झालेत. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला आपल्याकडचा जांभा आठवला. हायवेवर बर्फ गोठू नये म्हणून कॅल्शियम क्लोराइड टाकतात. गाड्या चार महिने या खाऱ्या पाण्यातून पळतात आणि ते पाणी जिथे फट मिळेल तिथे शिरतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एका भातशेतकऱ्याचा केई ट्रक आला. केई म्हणजे जपानच्या छोट्या गाड्यांचा वर्ग, ६६० सीसीच्या आतलं इंजिन. इथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या दारात असा ट्रक असतो. हा जुना होता, त्याला नवी कोडतपासणी लागू नव्हती. इंजिनाचा दिवा लागलेला, पेट्रोलचा वास येत होता, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी. स्कॅनरने पी ०१७२ दाखवला, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय. हे कॉम्प्युटरला ऑक्सिजन सेन्सर सांगतो. धुराच्या वाटेत झिर्कोनियाचा तुकडा असतो, तो तीनशे अंशांच्या वर तापला की बोलू लागतो: पेट्रोल जास्त असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, कमी असेल तर ०.१ च्या. माझ्या पडद्यावर ०.९ ची ओढ दिसत होती. सेन्सर अडकलाय असं ठरवून मी नव्याची चिठ्ठी लिहिली आणि कोजोचोंपुढे ठेवली.

त्यांनी सही केली नाही. ट्रकमध्ये जाऊन बसले, हीटर लावला आणि जाळीसमोर हात धरून थोडा वेळ तसेच राहिले. मग मला हाक मारली.

"तुझा स्कॅनर इंजिनाचं पाणी किती गरम आहे म्हणतो?"

"अडतीस अंश."

"इथे हात धर."

मी हात धरला आणि काढून घेतला. अडतीस अंशाच्या पाण्यावर अशी हवा येत नाही. तेवढ्यात त्यांनी खाली उतरून रेडिएटरच्या वरच्या पाइपाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर म्हणजे तापला की विरोध कमी करणारा तुकडा. वीस अंशाला साधारण अडीच हजार ओहम, ऐंशीला तीनशेच्या थोडं वर. विरोध जास्त दिसला की कॉम्प्युटर समजतो इंजिन गार आहे आणि पेट्रोल वाढवतो. म्हणजे ऑक्सिजन सेन्सर खरं बोलत होता. पेट्रोल खरंच जास्त जात होतं. आणि जो खरं सांगत होता त्यालाच काढून टाकायची चिठ्ठी मी लिहिली होती. गारठ्यात उभा राहून मला कागलची गाडी आठवली आणि पोटात कालवलं.

कोजोचोंनी टेस्टर माझ्या हातात दिला. कपलर काढून मी सेन्सरच्या पिनांवर मोजलं: ३२० ओहम, पुस्तकाप्रमाणे बरोबर. कपलर परत लावला, दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरचा कपलर सोडवून त्याच दोन वायरी मोजल्या: १,३०० ओहम. एवढ्याशा तांब्याच्या वायरीत एक ओहमसुद्धा यायला नको, तिथे जवळजवळ हजार भरले. कपलरपासून दोन बोटं मागे टेप कापला. वरचं प्लॅस्टिक बाहेरून धड होतं, पण हाताला मऊ लागत होतं. सोललं तर आतलं तांबं कळकून हिरवी भुकटी झालं होतं. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की चढतो तसा रंग. दोनतीन धागे कसेबसे जोडलेले. आणि प्लॅस्टिकवर, नीट प्रकाश धरला तेव्हा दिसलं, सुईच्या टोकाएवढं एक भोक.

कुणाचं, हे शोधावं लागलं नाही. इथे प्रत्येक गाडीच्या दुरुस्तीची नोंदवही असते. २०२३ च्या शरदातल्या शाकेनच्या पानावर, पाण्याच्या सेन्सरपुढे, व्होल्टेजचा आकडा माझ्या अक्षरात होता. कपलर घट्ट होता, मागून पिन जात नव्हती, म्हणून मी सुई टोचून आकडा घेतला होता आणि पुढच्या गाडीकडे वळलो होतो. त्या भोकातून दोन हिवाळ्यांचं खारं पाणी आत गेलं. मामांकडून मी टोचायला शिकलो. नेलपॉलिशची बाटली मात्र मागे ठेवून आलो.

मी कोजोचोंना सांगितलं की हे माझं आहे. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "का टोचलंस?" टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी १९७८ च्या पुस्तकात एका बंद पडलेल्या मशिनचं उदाहरण दिलंय. फ्यूज उडाला, कारण बेअरिंगला वंगण कमी पडलं. वंगण कमी पडलं, कारण पंप नीट ओढत नव्हता. पंपाचा दांडा झिजला होता, आणि झिजला कारण गाळणी नव्हती, लोखंडाचा कीस आत जात होता. फ्यूज बदलून सोडून दिलं असतं तर मशिन पुन्हा बंद पडलं असतं. मी हे परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्या दिवशी ते मला विचारलं गेलं. का टोचलं? पिन जात नव्हती. का जात नव्हती? आमच्याकडच्या पिना जाड आहेत. बारीक का नाहीत? कुणी मागितल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपलरच्या मागून जाणाऱ्या बारीक पिनांचा संच मागवला. त्या वर्कशॉपमध्ये आता वायर टोचायची नाही. वायरीचा कळकलेला तुकडा कापून नवा जोडला, आतून गोंद असलेली नळी गरम करून वर बसवली. शेतकऱ्याकडून पैसे घेतले नाहीत. मी त्यांच्यासमोर जाऊन वाकून माफी मागितली, तेव्हा त्यांनी मला तांदळाची एक छोटी पिशवी दिली आणि मला ती घेताना फार जड गेलं.

कागलच्या मालकांचा नंबर मी मामांकडून घेतला. २८,००० रुपये तेव्हा माझ्या खिशात गेले नव्हते, पण निदान माझं होतं. मी त्यांना ते परत द्यायचं म्हणालो. त्यांनी नको म्हणून सांगितलं, गाडी कधीच विकली, म्हणाले. मी हप्त्याने पाठवतोय. दोन गेले.

मामांना फोन करायला मात्र मला तीन रविवार लागले. तिकडे दुपार होती, मागे लेथ चालू होता. एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या गाड्या यायला लागल्यावर त्यांनीही मोबाइलला जोडायचा स्कॅनर घेतलाय. मी म्हणालो, "मामा, तो तुक्का नव्हता. मी चुकलो." मग ट्रकचं सगळं सांगितलं, भोकाचंही, बाटलीचंही. ते बराच वेळ बोलले नाहीत. लेथ बंद झाल्याचा आवाज आला.

"सेन्सरवर किती आलं म्हणालास?"

"तीनशे वीस."

"आन् कॉम्प्युटरच्या टोकाला?"

"तेराशे."

"दोन्ही वायरी एकेक करून बघितल्यास का? कुठली कळकली हुती, सिग्नलची का अर्थची?"

"सिग्नलची."

"अर्थची बी बदलून टाक," मामा म्हणाले. "तीबी त्याच पाण्यात हुती."