चोवीस सशांचे कर्ज

शिकार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे राजेरजवाडे, हत्ती आणि वाघ उभे राहतात. मी पाहिलेली शिकार मात्र एका शेतकऱ्याची होती आणि तिच्यात मौज फारच थोडी होती.

२००७ सालची गोष्ट. विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या योजनेतून मी वर्षभर ऑस्ट्रेलियात शिकत होतो. न्यू साउथ वेल्स राज्याच्या पश्चिम टोकाला चांदी, शिसे आणि जस्ताच्या खाणींवर वसलेले ब्रोकन हिल नावाचे गाव आहे. तिथल्या एका कुटुंबात माझा मुक्काम होता. माझे वय सोळा. घर अकोला जिल्ह्यात, दहा एकर कोरडवाहू. वडील माळकरी. निघताना आजीने एवढेच बजावले होते, "बाबू, मुक्या जिवावर हात नको उचलू बरं."

जुलैच्या सुटीत यजमान मला आपल्या भावाच्या शेतावर घेऊन गेले. तिकडे तेव्हा ऐन हिवाळा असतो. गावाबाहेर पडताना त्यांनी कुंपणाआडची झाडी दाखवली. पूर्वी इथे खाणींसाठी झाडे तुटली, उरलेले जनावरांनी आणि सशांनी खाल्ले, आणि वाळू घरांच्या दारापर्यंत येऊ लागली. तेव्हा अल्बर्ट मॉरिस नावाच्या गृहस्थांच्या आग्रहाने १९३६ पासून गावाभोवतीच्या जमिनीला कुंपण घातले गेले. गुरे आणि ससे बाहेर राहिले, तशी स्थानिक झाडे आपोआप उगवून आली आणि वाळू थांबली. ससा गावावर वाळू आणतो, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

पुढचा रस्ता तांबड्या मातीचा. दर काही मैलांवर फाटक. फाटक उघडे असेल तर उघडेच ठेवायचे, बंद असेल तर बंद करायचे, हा तिकडचा पहिला धडा. शेत एक लाख एकरांचे! ऐकून मी चाटच पडलो. पण पाऊस वर्षाला जेमतेम दहा इंच, आमच्या अकोल्याच्या तिसरा हिस्सा. एका मेंढीला वीस एकर रान लागते. त्यातून तो सलग दुष्काळाचा काळ होता. शेजारी तीस किलोमीटरवर. लाख एकरांच्या त्या मालकाच्या चेहऱ्यावर मला आमच्या बाबांचीच काळजी दिसली.

तिकडे वडीलधाऱ्यांनाही नावाने हाक मारतात. मला ते जमेना, म्हणून मी त्यांना 'अंकल' म्हणू लागलो. संध्याकाळी कोरड्या नाल्याकाठी आम्ही तळ ठोकला. मावशींनी कणकेचा गोळा विस्तवाच्या राखेत भाजला, अगदी आपल्या रोडग्यासारखा. झोपायला ताडपत्रीच्या वळकट्या. थंडी अशी की पाठ गारठायची आणि तोंड भाजायचे.

शेकोटीपाशी अंकलनी सशांची कथा सांगितली. १८५९ साली टॉमस ऑस्टिन नावाच्या श्रीमंत जमीनदाराने व्हिक्टोरियातल्या आपल्या इस्टेटीवर इंग्लंडहून चोवीस ससे आणवून सोडले. कशासाठी? तर शिकारीची हौस भागावी म्हणून. काही वर्षांतच ससे प्रांतामागून प्रांत खात सुटले. पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०७ पर्यंत अठराशे किलोमीटरचे कुंपण बांधले, पण ससे आधीच पलीकडे पोचले होते. १९५० मध्ये सशांत मुद्दाम रोग सोडला, तेव्हा कोट्यवधी मेले. जे वाचले त्यांची पिले त्या रोगाला दाद देईनाशी झाली. १९९५ मध्ये दुसरा रोग पसरला. तरी ससे आहेतच.

रात्री गाडी निघाली. माझ्याकडे परवाना नसल्यामुळे बंदूक हाती देणार नाही, असे अंकलनी आधीच सांगितले होते. मला हायसे वाटले. पण दिवा धरायचे काम माझ्याकडे आले. झोतात डोळे चमकत, ससा क्षणभर थबके, आणि गोळी सुटे. दिवा धरणारा हात मारणारा नव्हे, अशी मी मनाची समजूत घालत होतो.

मग एक गोळी खाली लागली. ससा पाय फरफटत अंधारात गेला. अंकल लगेच उतरले. "जखमी जीव सोडून घरी जायचे नाही," एवढेच म्हणाले. त्या थंडीत अर्धा तास आम्ही झुडपे धुंडाळली. सापडली ती मादी होती, अंगावर दूध होते. अंकलनी तिला सोडवले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. मला जागलीच्या रात्री आठवल्या. रानडुकरे ज्वारीत शिरल्यावर बाबाही असेच उभे राहत.

तळावर मावशींनी माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात बटाटे शिजवले होते. त्या रात्री मला तेही गेले नाहीत.

सकाळी अंकल मला जाळीने वेढलेल्या एका तुकड्याकडे घेऊन गेले. जाळी त्यांच्या वडिलांनी लावलेली. आत मुल्गाची, म्हणजे तिकडच्या बाभळीच्या जातीतली, पुरुषभर उंचीची कोवळी झाडे. बाहेर फक्त म्हातारी झाडे, रोप एकही नाही. अडीच एकरांत एखादा ससा असला, तरी मुल्गाचे नवे रोप टिकू देत नाही. "ही म्हातारी पडली की माझ्या नातवाला सावली नाही," ते म्हणाले. मग ट्रॅक्टरला लांब फाळ लावून आम्ही सशांची बिळे उखडत बसलो. नुसत्या बंदुकीने ससे संपत नाहीत, घर मोडावे लागते.

परत आल्यावर आजीने विचारले, "हात उचलला काय?" मी सगळे सांगितले, दिवा धरल्याचेही. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मंग पयले आणणाऱ्याचा हात कोणी धरला नाही काय?"

आज धुऱ्यावरचे गाजरगवत उपटताना तिचे बोल आठवतात. तेही परदेशातलेच; १९५० च्या दशकात ते पुण्यात दिसले आणि आता बांधाबांधावर आहे. ते कोणी हौसेने आणले नाही, पण उपटावे आपल्यालाच लागते. म्हणून नवे रोप, नवा मासा, नवे जनावर दारी येते तेव्हा त्याचा देखणेपणा मागाहून पाहावा. ते सुटले तर आवरणार कोण, हे आधी विचारावे.