गुलाबी भिंतीच्या मागे

आमच्या पेठेतला आणखी एक वाडा पाडला, तेव्हा एक वास्तुविशारद मित्र वैतागून म्हणाला, "जरा जयपूरला जाऊन ये. तिथे दुकानाच्या भिंतीला रंग कुठला द्यायचा, हेसुद्धा मालकाच्या हातात नसतं." जयपूरचं मला जुनं वेड. ते सवाई जयसिंगाच्या वेधशाळेपायी आणि त्याच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राट या मराठी पंडितापायी लागलेलं. युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली ती या जगन्नाथानं. मित्राच्या बोलण्यानं मात्र या खेपेला यंत्रांऐवजी बाजार बघायचे ठरले.

उतरलो ते चारदिवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या एका हवेलीवजा हॉटेलात. दर्शनी बाजूला देखणे झरोके, पण माझ्या खोलीला खिडकीच नव्हती. भिंतींवर ओल आणि रात्रभर कुबट वास. सकाळी बरोबर घेतलेला गाइड हवामहलसमोर फोटोचा आग्रह धरून बसला आणि १८७६ सालच्या ब्रिटिश युवराजाच्या भेटीपलीकडे हलेना. त्याच्या स्वागतासाठी राजा रामसिंगानं शहर गुलाबी रंगवून घेतलं, ही कथा. तासाभरात मी गाइडला निरोप दिला आणि जोहरी बाजारात एकटाच शिरलो.

तिथं नियम डोळ्यांना दिसतो. दुकानांवरच्या पाट्या ओळीनं पांढऱ्या, त्यांवर काळी अक्षरं. सोन्याचांदीची मोठी पेढी असो की चपलांचं दुकान, पाटीचा थाट सारखाच. भिंती गेरूच्या छटेच्या, कडांना आणि कमानींना पांढऱ्या रेषा. एका खांबापाशी थांबून नीट पाहिलं. वरचा प्लॅस्टिक रंग पापुद्रे धरून सुटला होता, त्याखाली सिमेंटचं ठिगळ, आणि ठिगळाच्या कडेला मूळचा चुना भुसभुशीत होऊन गळत होता. सिमेंट ओल आत कोंडतं, चुना ती बाहेर सोडतो. रंगाची छटा नियमात बसत होती, पण भिंत आतून मरत होती.

१८ नोव्हेंबर १७२७ रोजी या शहराची पायाभरणी झाली. आमेरच्या डोंगरातली राजधानी सोडून जयसिंग मैदानात उतरला आणि विद्याधर भट्टाचार्य या बंगाली विद्वानाच्या साह्यानं त्यानं सूरजपोल ते चांदपोल असा सरळ रस्ता आखला. त्याला छेदणारे रस्ते, छेदांवर चौपडी म्हणजे मोठे चौक, मध्ये चौकड्या म्हणजे वस्तीचे चौकोनी भाग, आणि बाजारांच्या एकसारख्या दर्शनी ओळी. नऊ चौकड्या म्हणजे नवग्रहांचं मंडल, असं सर्रास सांगतात. विभूती सचदेव आणि जाइल्स टिलॉटसन हे अभ्यासक मात्र मंडलापेक्षा जमिनीवर भर देतात: डोंगर, उंचवटा, पाण्याचा उतार. मला त्यांचं पटतं. मुख्य रस्ता उंचवट्याच्या माथ्यावरून धावतो, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंना निथळतं. पण मग पुढचा प्रश्न त्यांनाच विचारावासा वाटतो: शहराचं रूप जमीन, पाणी आणि माणसांचं राहणं यांतून घडलं असेल, तर केवळ दर्शनी भिंत सांभाळून काय सांभाळलं?

कारण ही दर्शनी भिंतही एका काळाची नाही. सरसकट गुलाबी रंग १८७६ चा. दुकानांपुढचे सावलीचे वऱ्हांडे १९४० च्या दशकातले, दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या काळात जोडलेले. जयसिंगानं रस्ते एवढे रुंद ठेवले होते की दोनशे वर्षांनंतर वऱ्हांडे पुढे आणूनही रस्ता उरला. आज हेच वऱ्हांडे वारसा म्हणून जपले जातात, आणि ते योग्यच आहे. उन्हात फिरणाऱ्यांना त्यांचा केवढा आधार आहे! भर घालू देणारं पण ओळ मोडू न देणारं असं बांधकामाचं शहाणपण आमच्या पेठांना कधीच लाभलं नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

दुपारी आमेरला जायचं होतं. वाटेत त्रिपोलिया बाजाराजवळ ईसरलाट दिसली आणि तो बेत बारगळला. जयसिंगाचा मुलगा ईश्वरीसिंग यानं भावावर मिळवलेल्या विजयाची ही सातमजली खूण. पुढे खंडणीसाठी मल्हारराव होळकर चालून आले, तेव्हा, १७५० च्या डिसेंबरात, याच ईश्वरीसिंगानं विष घेतलं. महिनाभरही झाला नसेल, जानेवारी १७५१ मध्ये, शहरात बाजारहाट करायला आणि देवदर्शनाला आलेल्या हजारो मराठ्यांची जयपूरकरांनी कत्तल केली. दरवाजे बंद झाल्यावर याच सरळ, मोकळ्या रस्त्यांवर लपायला जागा कुठली? मराठी माणसानं इथे उभं राहून नुसत्या कमानी मोजाव्यात, हे मला जमलं नाही. संध्याकाळपर्यंत मी तिथल्या तिथेच घुटमळत राहिलो. दोष कोणाचा याचा हिशेब काही जुळेना.

दुसऱ्या दिवशी मुख्य बाजार सोडून आतल्या गल्लीत गेलो. २०१९ च्या जुलैत युनेस्कोनं या शहराला जागतिक वारसा म्हटलं, त्यात या गल्ल्या आणि चौकांभोवतीच्या हवेल्याही येतात. एका गुलाबी कमानीतून डोकावलो, तर आत चौक नव्हताच. तळघरापासून काँक्रीटचा सांगाडा उठलेला, मजल्यामजल्यावर शटरची दुकानं. शेजारच्या हवेलीतले म्हातारे गृहस्थ मला ओट्यावर बसवून सांगू लागले, "भाईसाहब, आगे का रंग देखने सब आते हैं. अंदर की छत देखने कोई नहीं आता." त्यांचा चौक अजून शाबूत होता, तुळस होती, चार बिऱ्हाडं होती, आणि छताच्या पट्ट्या टेकूंवर तोललेल्या. चुन्याचं काम येणारा कारागीर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, आणि शेजारची जागा घेणारा व्यापारी दर दिवाळीनंतर भाव वाढवून विचारतो. भावांमधले दोघं विकायला तयार आहेत. तिसरे हे स्वतः.