तोडलेली नस कुठे जाते?

दादाचा पाय गुडघ्याखालून गेला तो कोपर-डोंबिवलीच्या मधे, भरलेल्या लोकलमधून पडून. जखम भरली. हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत कृत्रिम पाय मिळाला आणि तो पुन्हा फडके रोडवर चालायला लागला. मग ती कळ सुरू झाली. पाय चढवला की खुंटाच्या बाहेरच्या अंगाला झटका बसायचा आणि आग व्हायची ती नसलेल्या पावलाच्या अंगठ्यात. एका डॉक्टरांनी ‘मनाचं आहे, होईल सवय’ म्हणून झोपेची गोळी लिहून दिली. त्या रात्री दादा उशी दातांत धरून पडला होता. मला ते बघवेना. तेव्हापासून मी या दुखण्यावर मिळेल ते वाचत सुटले.

नस तुटली तरी वाढायची थांबत नाही. तिच्यातले तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढे सरकत आपलं दुसरं टोक शोधतात. पाय कापल्यावर ते टोक उरलेलंच नसतं. मग तंतू जागच्या जागी गुरफटतात आणि त्यांची गाठ होते, तिला न्यूरोमा म्हणतात. ही गाठ कर्करोगाची नसते, पण नुसता स्पर्शही तिला सोसत नाही. आणि मेंदूच्या लेखी ती नस अजून अंगठ्याचीच असते! अमेरिकेतल्या यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांच्या अशा वेदना वीअर मिचेल या डॉक्टरने 1872 सालीच पुस्तकात नोंदवल्या होत्या. तरी आज कळवळणाऱ्या माणसाला मनाचं आहे म्हणून वाटेला लावतात, याचा मला संताप येतो. रेल्वे अपघातात हातपाय गेलेली माणसं आमच्या दिवा-डोंबिवली-कल्याण पट्ट्यात थोडीथोडकी नाहीत.

पुढे भेटलेल्या वेदनातज्ज्ञ बाईंनी खुंटावर बोटाने हलकेच टकटक केली. एका जागी दादा ओरडला, “अंगठा!” त्यांनी तिथे पेनाने फुली मारली. सोनोग्राफीत फुलीखालीच नसेच्या टोकाला काळसर, लांबट गाठ दिसली. बाईंनी तिच्याभोवती भूल देणारं इंजेक्शन दिलं. काही मिनिटांत दादा पाय चढवून उभा राहिला. तो परिणाम काही तासच टिकला, पण दुखणं कुठून येतंय ते सिद्ध झालं.

कृत्रिम पायाचा सॉकेट, म्हणजे खुंट बसतो तो भाग, त्या जागी आतून कोरून घेतला. रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिन चालू आहे. गॅबापेंटिनने गुंगी फार यायची, ते कमी केलं. शस्त्रक्रियेचं मात्र जपूनच बघायला हवं, कारण नुसती गाठ कापली तर नवं टोक पुन्हा गाठ धरू शकतं. शिकागोच्या डुमानियन आणि कुइकेन यांनी नसेचं कापलेलं टोक जवळच्या स्नायूतल्या बारीक नसेला जोडायची पद्धत काढली. ती काढली होती कृत्रिम हात चालवण्यासाठी. वेदना कमी होतात हे नंतर लक्षात आलं. 2019 साली 28 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले, त्यातही ती नेहमीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सरस दिसली. संख्या लहान आहे, पण मला त्यातलं तर्कशास्त्र पटतं: वाढणाऱ्या तंतूंना जायला जागा दिली.

म्हणून प्लास्टिक सर्जनना मी पहिलाच प्रश्न विचारला, “गाठ काढल्यावर टोक कुठे बसवणार?” त्यांनी केसपेपरच्या मागे स्नायू काढून दाखवला. दादाने त्यांना आणखी चार प्रश्न विचारले आणि मग तारीख घेतली.