श्रावण सुटल्यावरची दाढी

भोरहून वरंधा घाटाकडे जाताना नीरा देवघर धरणाच्या पाण्याकडेला आमची हिर्डोशी लागते. या खोऱ्यात श्रावण पाळणारे अजून पुष्कळ आहेत. महिनाभर गालाला पातं लावायचं नाही, पिठोरी अमावास्या उलटली की गणपती बसायच्या आत चेहरा साफ. एरवी दोन दिवसांचे खुंट घेऊन येणारा माणूस तेव्हा महिन्याची दाढी घेऊन खुर्चीत बसतो. कातडी तीच, केस तेच, पण हात वेगळा लावावा लागतो. मी नाभिक, वस्तऱ्यात अर्धं पातं घालून काम करतो, आणि तो फरक माझं मनगट सांभाळून घेतं. घरी दाढी करणाऱ्याला ही सोय अ‍ॅडजस्टेबल रेझर देतो, म्हणून मला त्याचं मोल वाटतं.

साध्या सेफ्टी रेझरमध्ये पात्याची धार आणि तिच्याखालची पट्टी यांतली फट कायमची ठरलेली असते. अ‍ॅडजस्टेबल रेझरमध्ये दांड्यावर, वरच्या किंवा खालच्या टोकाशी, चकती असते. ती फिरवली की फट वाढते, धार जास्त लागते. जिलेटच्या 1958 च्या 'फॅटबॉय'वर 1 ते 9 आकडे होते, मर्कूरच्या 'प्रोग्रेस'वर 1 ते 5 असतात. त्यामुळे मित्राच्या रेझरवरचा 3 तुमच्या काही कामाचा नाही.

मोठा आकडा म्हणजे गुळगुळीत दाढी, ही समजूत सोडा. फट मोठी लागते ती लांब केस आणि फेस अडकू नये म्हणून. महिन्याची दाढी आधी कात्रीनं उतरवायची, मग मोठ्या आकड्यावर एक सुलटा हात, आणि चकती खाली आणून दुसरा आडवा. गुळगुळीतपणा त्या दुसऱ्या हातातून येतो.

पुण्या-मुंबईची पोरं गावी आली की विचारतात, "दादा, मानेला आग होते, कोणता रेझर घेऊ?" मी आधी मान बघतो. कोरड्या गळ्यावरून बोटं वरून खाली, मग खालून वर फिरवा. जिकडे बोट अडत नाही ती सुलटी दिशा. जबड्याखाली पुष्कळांचे केस वर चढतात, कंठमण्याच्या बाजूला तर कधी आडवेच पडतात. अशा ठिकाणी वरून खाली ओढलेला रेझर उलटाच चालतो. तिथं आकडा कितीही बदला, आग होणारच.

पाण्याचंही तसंच. आमच्याकडचं पावसाचं पाणी मऊ, साबणाला चटकन फेस येतो. शहरात बोअरच्या जड पाण्यात फेस लवकर बसतो. तिथं साबण जास्त घ्या आणि गाल पुन्हा भिजवा.

दांडा शेवटाकडे, हलक्या बोटांनी धरा. रेझरचं डोकं आधी गालाला टेकवा, मग दांडा हळूहळू खाली आणा. केस कापल्याची बारीक खरखर ऐकू आली की तोच कोन. दाबायचं नाही, वजन रेझरचं पुरतं.

सुरुवात सगळ्यात लहान आकड्यावर करा. साबण, पातं, वेळ काही बदलू नका. फक्त चकती एकेक घर पुढे न्या. मान लाल झाली की एक घर मागे. रोज दाढी करणाऱ्या बहुतेकांचा आकडा चकतीच्या खालच्या अर्ध्यातच सापडतो.