देव्हाऱ्यामागचें बासन

नगर-सोलापूर रस्त्यावरील मिरजगांवीं आमचा जुना वाडा आहे. गेल्या दिवाळींत सारें कुटुंब तेथें जमलें असतां आमच्या पुतण्यानें 'द दा विंची कोड' ही २००३ सालची कादंबरी दोन रात्रींत संपविली आणि विचारलें, "काका, आपल्या धर्मांत असें एखादें दडविलेलें रहस्य नाहीं का हो?"

आम्ही म्हटलें, "आहे, आणि तें कल्पित नाहीं." तेराव्या शतकांत चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनीं गोळा केल्या. हे म्हाइंभट आपल्या नगर जिल्ह्यांतील सराळ्याचेच. त्यांतून 'लीळाचरित्र' सिद्ध झालें. पुढें महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत उतरविले. एका अक्षराच्या जागीं दुसरें अक्षर अथवा नुसती खूण; किल्ली मात्र पंथांतल्यांपाशीं. मराठीचा आद्य गद्यग्रंथ असा कित्येक शतकें बाहेरच्या मराठी माणसाला अपरिचित राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं सकळ लिपीचा उलगडा केला. आंत धनाचा हंडा नव्हता. स्वामींचें चालणें, जेवणें, बायाबापड्यांशीं झालेलें बोलणें, आणि यादवकाळची जिवंत मराठी एवढेंच होतें. पण तें केवढें मोठें होतें!

मुलें तल्लीन झालीं होतीं. तोंच थोरल्या काकू म्हणाल्या, "मग आपल्या देव्हाऱ्यामागचें बासन तेवढें कां बंद?"

बासन सोडलें. पोथीखालीं मोडींतले चार कागद होते. आमच्या वडिलांना मोडी येत असे. आम्हांस अक्षर लागेना. पंथाला निदान लिपी मुद्दाम झांकावी लागली. आम्ही नुसत्या आळसानें आजोबांची लिपी गुप्त करून टाकली!

पुण्याच्या एका जाणत्या गृहस्थांनीं कागद वाचून दिले. पुतण्याला मंत्राची आशा होती. निघाली ती पणजोबांच्या हातची नोंद: बालविधवा बहिणीच्या पाटल्या मुलाच्या शिक्षणासाठीं मोडल्या, त्या परत करावयाच्या. परत केल्याची नोंद कोठेंच नाहीं. त्याच शिक्षणावर आमच्या घराण्याचें पुढचें सारें वैभव उभें राहिलें. आणि त्या बाईंचें नांव आमच्या वंशावळींत नाहीं.

थोरले बंधु म्हणाले, "झालें तें झालें, चारचौघांत कशाला?" काकू कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं वंशावळीचा कागद पुतण्यापुढें ठेवला आणि दौत-टांक मागितला. नांव लिहिलें गेलें. पाटल्यांचें काय करावें, यावर घरांत अद्याप एकमत नाहीं. गांवांतील एखाद्या मुलीच्या शिक्षणास तेवढी रक्कम द्यावी, असें आमचें मत आहे.

वाचकांच्या घरींही असें बासन असेल. मोडी वाचणारें माणूस हयात आहे तोंवर तें सोडावें, एवढीच विनंति.